खंडेपूजेनंतर बाई बोलली नाही

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुशांतनं कॉम्प्युटर चालू केला. पंखा घोंगावला. त्याचा जोर ओसरेपर्यंत तो थांबला, खालच्या बाणाची कळ दोनदा दाबली, एंटर मारलं आणि गुडघ्यावर हात ठेवून बाईची वाट बघत बसला. बाई बोललीच नाही.

चुलीपाशी बसलेल्या अव्वानं, म्हणजे त्याच्या आईनं, नागम्मानं, तिथूनच विचारलं, "काय रे यप्पा, तुजी बाई आज उटली न्हाय व्हय?"

"उठंल की. घाई काय तुला," गुरुशांत म्हणाला आणि परत पहिल्यापासून सगळं केलं. पंखा, बाण, बाण, एंटर. काही नाही.

गुरुशांतला दिसत नाही. सरकारी कागदावर तो दिव्यांग, बोळात आंधळा, आणि कुणी "बिचारा" म्हणालं की त्याची काठी फरशीवर अशी आपटते की म्हणणारा मागं सरकतो. नावात शांत असून हा असा कसा, हे कुंभार वेशीतल्या त्या बोळात सगळ्यांचं विचारून झालंय. बाई म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमधला आवाज. पडद्यावर येईल ते मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्राम विंडोजमध्ये बसवलेला होता. कळ दाबली की बाई अक्षर सांगायची, ओळ संपली की ओळ वाचायची. शाळा सातवीत सुटलेली, पण या बाईच्या तोंडून त्यानं दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा ऐकला, माहितीचा अधिकार ऐकला, आणि असा ऐकला की भर कचेरीत एका वकिलाला तो म्हणाला होता, "साहेब, तिथंच का थांबलात? पुढचं पोटकलम पण वाचा की."

या कॉम्प्युटरला बाजू दोन होत्या. पुतणी शिवलीला, म्हणजे थोरल्या भावाची, कल्लप्पाची मुलगी, डिप्लोमाला होती तेव्हा तिला लिनक्स लागायचं. तिनं एकाच डिस्कचे भाग पाडून एकीकडे काकाचं विंडोज ठेवलं, दुसरीकडे आपलं लिनक्स घातलं. चालू करताना मशीन विचारतं, कुणीकडं जायचं. पण विचारतं ते पडद्यावर, मुक्यानं. बाई तोवर जागी झालेली नसते. म्हणून तिनं काकाला शिकवून ठेवलं होतं: खाली दोनदा, मग एंटर. तेवढ्या तीन ठोक्यांवर गुरुशांतचं जग उघडायचं. आता शिवलीला पुण्याला एका कारखान्यात ट्रेनिंगला गेली होती आणि तीन ठोक्यांनी काही उघडत नव्हतं.

एरवी त्यानं दोन शिव्या देऊन वाट बघितली असती. पण पुढच्या शुक्रवारी सुनावणी होती.

एका सरकारी कचेरीच्या कंपाउंडला लागून दोन खोके, म्हणजे छोट्या टपऱ्या, आहेत. एक गुरुशांतचा. त्यात शेंगा चटणीच्या पुड्या, कडक भाकरीची पॅकेटं, पेन, पाकिटं, बिस्किटं. दुसरा इमामसाबचा. इमामसाबचा एक पाय पोलिओनं गेलेला. तो छत्र्या, बॅगांच्या चेनी आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. दोन्ही खोके रीतसर मंजूर झालेले. आता साहेबांच्या गाड्यांना वळायला जागा पुरेना म्हणून दोघांना नोटीस आली: खोके का हलवू नयेत, लेखी म्हणणं सादर करा. इमामसाबनं नोटीस घडी घालून गुरुशांतच्या हातात दिली होती. "तू लिव बाबा. कायदा तुज्या कानात हाय. मी खाली अंगठा मारतो." आणि लेकीचं बाळंतपण होतं म्हणून जेऊरला निघून गेला होता.

गुरुशांतनं सगळा श्रावण आणि भाद्रपद ते म्हणणं लिहिलं होतं. दोघांच्या नावानं. मंजुरी कधीची, कुठल्या नियमानं, पर्यायी जागा दिल्याशिवाय उठवता का येत नाही, साहेबांच्या गाड्या नियमानं कुठं लागायला पाहिजेत. त्यात "विनंती" हा शब्द त्यानं एकदाही येऊ दिला नव्हता. छापायचं तेवढं राहिलं होतं. दसरा झाला की छापू, म्हणाला होता.

संध्याकाळी पाळी संपवून कल्लप्पा आला. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग ज्याच्या हाताखाली येतात तो माणूस.

"अण्णा, बघ जरा पडद्यावर काय येतंय."

कल्लप्पा वाकून बघत राहिला. "निळं होतंय. पांढरी अक्षरं येत्यात आन् जात्यात."

"काय लिवलंय?"

"वाचंस्तोवर ऱ्हातंय कुटं. परत पहिल्यापास्नं चालू होतंय."

"डोळे हायत की तुला. मग बघ की."

"डोळे हायत, इंग्लिश न्हाय," कल्लप्पा म्हणाला. त्याला राग आला नव्हता. धाकट्याचं बोलणं त्यानं जन्मभर असंच अंगावरून जाऊ दिलं होतं.

शिवलीलाला फोन लावला. ट्रेनिंगच्या जागी फोन बाहेर ठेवावा लागायचा, ती जेवणानंतर सापडली. तिनं पहिलं विचारलं, "माझी बाजू उघडते का?" कल्लप्पानं बाण न दाबता एंटर मारलं. उघडली. तिचं लिनक्स जसंच्या तसं, मागं तिनं लावलेला सिद्धेश्वर तलावाचा फोटो.

"मग काही घाबरायचं नाही," ती म्हणाली. "डिस्क चांगली आहे. काका, तुमची फाइल आत सुखरूप आहे. पप्पा, माझ्या बाजूनं काकांची डिस्क उघडून बघा, डावीकडं चित्र आहे."

कल्लप्पाचा हात मागाच्या दांड्यावर लोण्यासारखा फिरतो. माउसवर तो दगडासारखा पडला. एकदा चित्र सापडेना, एकदा दोनदा टिचकी बसेना. बसली तेव्हा एक पाटी आली. तो एकेक अक्षर वाचत गेला, "यू, एन, ए, बी..." मध्येच रेंज गेली. परत लागली तेव्हा शिवलीला म्हणाली, विंडोज अर्धवट बंद झाल्यामुळं डिस्कला कुलूप लागलंय, ते काढता येतं, पण फोनवरून पप्पांकडून नको. एखादी चुकीची कळ पडायची.

"मी शनिवारी येते. तोवर कुणाला हात लावू देऊ नका. दुकानात तर अजिबात नेऊ नका."

"सुनावणी शुक्रवारी हाय," गुरुशांत म्हणाला.

"मग सुटी मिळते का बघते, काका."

सुटी मिळाली नाही. बुधवारी तिनं तसं सांगितलं तेव्हा ती रडवेली झाली होती, आणि रडवेला आवाज गुरुशांतला सोसत नाही. "तू काम कर. मी बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला. मग बराच वेळ मशीनपुढं बसून बाण, बाण, एंटर करत राहिला. त्याला वाटत होतं, एखाद्या वेळी लागेल. दार आतून अडकलं की माणूस कडी खडखडवतो तसं. अव्वा दोनदा भाकरी घेऊन आली आणि दोनदा परत गेली.

गुरुवारी सकाळी त्यानं मशीनचा डबा पोत्यात घातला, रिक्षा केली आणि विजापूर वेशीतल्या ताबीशच्या दुकानात गेला. शिवलीलाचं म्हणणं त्याच्या ध्यानात होतं. पण उद्या सुनावणी आणि आज गप्प बसायचं, हे त्याच्यानं होणारं नव्हतं. गप्प बसणाऱ्यांचे खोके कसे जातात, हे त्यानं या शहरात पुष्कळ ऐकलं होतं.

ताबीश काही लबाड माणूस नव्हता. त्यानं मशीन जोडलं, निळा पडदा दोनदा बघितला, दुरुस्तीची चकती घालून बघितली, आणि म्हणाला, "गुरुशांतभाई, विंडोज उडालंय तुमचं. नवीन टाकावं लागंल. दोन तास."

"माजी फाइल?"

"फाइलीला काय होत न्हाय. आपण फक्त सी साफ करतो. डी ला हात बी लावत न्हाय. डेटा डी लाच हाय ना?"

आता इथं गोष्ट अडली. सी आणि डी म्हणजे डिस्कचेच दोन कप्पे, हे गुरुशांतला ठाऊक नव्हतं. बाई सुरू झाली की डेस्कटॉपवर असायची. तिथंच तो फाइल ठेवायचा, कारण तिथून ती एका अक्षरात सापडायची. कुठल्या खोलीत आपण राहतो हे त्याला कधी विचारायची पाळीच आली नव्हती. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातल्या एकानं मघाशी खालच्या आवाजात विचारलं होतं, "ह्यास्नी कॉम्प्युटर कशाला लागतंय?" ते गुरुशांतनं ऐकलं होतं. त्या माणसापुढं "डी म्हणजे काय रे" असं विचारणं त्याच्या जिभेवर येईना.

"मग? डेटा आनि कुटं असतोय?" तो म्हणाला.

"बास. मग चिंता न्हाय," ताबीश म्हणाला.

दुपारी मशीन घरी आलं. बटण दाबलं, आणि बाण न दाबताच विंडोजचा सूर वाजला. अव्वानं हात जोडले. गुरुशांत बाईची वाट बघत बसला. सुरानंतर काही आलं नाही. कल्लप्पाला पाळीवरून बोलावून घ्यावं लागलं.

"पडदा मोकळा हाय," कल्लप्पा म्हणाला. "कचऱ्याच्या डब्याचं एक चित्र हाय. बाकी मैदान."

"डी बघ."

डी मध्ये शिवलीलाच्या मामाच्या लग्नाचे फोटो होते आणि गाणी होती.

ताबीशला फोन केला. तो म्हणाला, "भाई, मी विचारलं होतं की. तुमीच म्हनला." त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं. शिवलीलाला संध्याकाळी कळलं. तिनं हळू सांगितलं, "काका, डेस्कटॉप सी मध्येच असतो." तिची लिनक्सची बाजूही आता उघडत नव्हती, नव्या विंडोजनं तो विचारणारा मेनूच पुसून टाकला होता. ती म्हणाली, माझं मी परत बसवीन, त्याचं काही नाही. मग तिनं विचारलं, "पप्पा, त्या दिवशी माझ्या बाजूला घड्याळात काय साल होतं?"

कल्लप्पाला आठवलं. "लई जुनं काय तर होतं. मला वाटलं तसंच असतंय."

"मशीन कुणी उघडलं होतं का?"

"खंडेपूजेला, हत्यारं पुजताना, मीच उगडलं की," कल्लप्पा म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात अजून जराशी ऐट होती. "समदं काडून पुसलं. पट्ट्या, वायरी, तो गोल सेल. मागाचं पोट उगडून पुसल्याबिगर आमच्यात हळद-कुंकू लावत न्हायत. परत जितलं तितं बसवलं. एक स्क्रू उरला न्हाय."

मग शिवलीलानं सांगितलं ते असं, की तो गोल सेल काढला की मशीन आपल्या सवयी विसरतं. डिस्कशी कसं बोलायचं, हेही त्या सवयींतच असतं. लिनक्सला कुठल्याही बोलीत बोललं तरी कळतं. या विंडोजला एकच बोली शिकवलेली होती, ती बदलली की ते निळं होऊन पडतं. एका यादीत जाऊन एक शब्द बदलायचा होता. तेवढंच.

"म्हंजे काय मोडलं नव्हतं?" कल्लप्पानं विचारलं.

"नाही, पप्पा."

फोन बंद झाल्यावर कल्लप्पा भिंतीला टेकून बसला. गुरुशांत आता ओरडेल, काठी आपटेल, याची वाट बघत राहिला. पण कुणावर ओरडायचं ते गुरुशांतला ठरवता येईना. भावानं मशीन देवासारखं पुसलं होतं. ताबीशनं विचारलं होतं. पोरीनं नेऊ नका म्हटलं होतं. राहिला तो एकटाच, आणि स्वतःवर काठी आपटता येत नाही. अव्वानं विचारलं, "मग आता?"

शुक्रवारी सकाळी दोघं भाऊ कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या जोतिरामकडं गेले. जोतिराम कॉम्प्युटरवर अर्ज टाइप करून देतो, त्याच्याकडं सगळ्या प्रकारचे नमुने तयार असतात. गुरुशांत उभ्या उभ्या सांगू लागला. कलम आलं, नियम आला, पण तारखा सरकू लागल्या. मंजुरीचा आदेश आधीचा की ठराव आधीचा? बाईनं शंभरदा वाचून दाखवलेलं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. घरी एकांतात त्याला पाठ होतं. इथं रिक्षांचे हॉर्न, मागं रांग.

"काका, हे एवढं लिवायला दुपार होईल," जोतिराम म्हणाला. "तुमची येळ अकराची. मी सांगू का? हा नमुना घ्या. ऐका. 'मी एक गरीब, अंध, अपंग इसम असून...'"

"गरीब काडा. इसम काडा."

"मग राहिलं काय त्यात?"

"अंध ऱ्हाऊ दे. ते खरं हाय."

जोतिराम हसला, वाईट हेतूनं नाही. "हेच चालतंय, काका. मी रोज देतो. 'माझी वृद्ध आई माझ्यावर अवलंबून असून, माझ्यावर दया करून...'"

"दया न्हाय," गुरुशांत म्हणाला. त्याची काठी उचलली गेली. रांगेतली बाई म्हणाली, "अवं, लवकर करा की, आमास्नी बी साहेबच गाठायचंत."

"आनि इमामसाबचं नाव घाला," गुरुशांत म्हणाला.

"दयेच्या अर्जात दोन नावं बसत न्हायत. त्यांचा येगळा करावा लागंल, त्यांची सही लागंल. कुटं हायत ते?"

इमामसाब जेऊरला होता. त्याला वाटत होतं, सगळं लिहून तयार आहे. गुरुशांतनं आठवडाभर त्याला फोन केला नव्हता. आज होईल, उद्या होईल असं धरून चालला होता. कचेरीच्या आतून शिपायानं नाव पुकारलं. कल्लप्पानं त्याच्या कोपराला हात लावला. गुरुशांतनं सही केली. ती सही तो तारेचा साचा करून, गिरवून शिकला होता, सुरेख होती, आणि ती त्या कागदाखाली पडली.

साहेब सभ्य होते. खुर्ची दिली, पाणी मागवलं. अर्ज वाचला, स्वतःशीच हुंकार भरले. "ठीक आहे. मानवतेच्या दृष्टीनं एक वर्ष राहू द्या तुमचा खोका. आई सांभाळता, चांगलं आहे."

"साहेब," गुरुशांत म्हणाला, "तो दयेचा शब्द काडा. आमी नियमानं मागतोय. दोघंबी. मंजुरीचा आदेश हाय, पर्यायी जागेबिगर..."

"अहो, काम झालंय तुमचं."

"माजं झालं. इमामसाबचं?"

"त्यांचं म्हणणं कुठाय?"

"माज्या कॉम्प्युटरात होतं," गुरुशांत म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की हे वाक्य या खोलीत कसं ऐकू जातं. कुणीतरी कारकून हसू दाबत खोकला.

साहेबांनी आवाज खाली आणला. "ऐका. नियमानं मागितलंत तर मला प्रकरण वर पाठवावं लागेल. निकाल लागेपर्यंत जागा मोकळी करा, असं वरून येईल आणि दोन्ही खोके जातील. दयेवर मला इथल्या इथं सही करता येते. काढू का शब्द?"

गुरुशांत खुर्चीतून उठून उभा राहिला. साहेब खरं सांगतायत की गुंडाळतायत, हे कागद वाचून कळलं असतं. कागद बाईजवळ होते आणि बाई नव्हती. कल्लप्पाचा श्वास त्याला शेजारी ऐकू येत होता. पंखा फिरत होता. साहेबांनी पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

शनिवारी शिवलीला आली. तिनं आधी मशीनचं घड्याळ नीट लावलं, मग आपलं लिनक्स परत जिवंत केलं, मग पुसलेल्या डिस्कमधून काही निघतं का ते शोधत दिवसभर बसली. नवं विंडोज नेमकं जुन्यावर पसरलं होतं. फाइलीचा एक तुकडा मिळाला, त्यात चौकोन आणि प्रश्नचिन्हं. संध्याकाळी तिनं बाईला परत बसवलं. बाई पहिल्यासारखीच बोलू लागली, त्याच सपाट आवाजात. गुरुशांतनं थोडं ऐकलं आणि बंद कर म्हणाला.

इमामसाब सोमवारी जेऊरच्या गाडीनं उतरून थेट खोक्यापाशी आला. नात झाली होती, पेढे आणले होते. त्याचा खोका सकाळीच ट्रॅक्टरवर चढवून नेलेला. गुरुशांतनं तो जाताना ऐकला होता. साखळीचा आवाज, मग आत राहिलेल्या छत्र्यांच्या काड्यांचा.

"पेढा खा," इमामसाब म्हणाला. त्याची कुबडी मोकळ्या जागेवर इकडून तिकडं टकटकत गेली आणि परत आली. "आनि तुजा ऱ्हायला?"

"ऱ्हायला."

"कसा?"

गुरुशांतनं सगळं सांगितलं. सेल, सी, डी, जोतिराम, साहेब. काही लपवलं नाही, कुठं आवाज चढवला नाही. संपल्यावर इमामसाब म्हणाला, "म्हंजे मी असतो तर मला बी दया मिळाली असती."

"व्हय."

"मी घेतली असती रे," इमामसाब म्हणाला. "मला काय त्याचं."

एक गिऱ्हाईक आलं, शेंगा चटणीची पुडी मागू लागलं. गुरुशांतनं हात मागं नेला, पुडी काढून दिली. इमामसाब अजून तिथंच उभा होता. कुबडीवर भार टाकल्याचा लाकडाचा बारीक आवाज येत होता. बस म्हणावं, तर बसायला खोक्यात एकच स्टूल होतं, आणि त्यावर गुरुशांत बसलेला होता.